विश्लेषण : कपिलधारच्या सहलीत पिशवी कोणी नेली? मुलांना रहस्यकथेतला ‘चकवा’ का शिकवायला हवा…

समजा, सातवीच्या वर्गाची सहल बीड जिल्ह्यातील कपिलधारला आली आहे. सप्टेंबर संपत आलेला. बालाघाटाच्या डोंगरात चार दिवस चांगला पाऊस झालेला, त्यामुळे धबधबा जोरात. मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन झाले, धबधब्यासमोर फोटो झाले. डबे अजून उघडायचे आहेत. मुले परत येतात तर पायरीवर ठेवलेली सरांची कापडी पिशवी जागेवर नाही. पिशवीत सहलीचे पैसे, हजेरीची वही आणि सकाळी मांजरसुंब्याला घेतलेली चार पिकलेली सीताफळे.

मुलांना चार गोष्टी दिसतात. पहिली, खांद्यावर झोळी अडकवलेला एक अनोळखी माणूस मघाशी इथेच होता आणि आता घाईघाईने समाधीच्या दिशेने निघाला आहे. दुसरी, कोरड्या ओट्यावर ओल्या पावलांचे ठसे आहेत. तिसरी, सकाळी सरांची बोलणी खाल्लेला वर्गातला एक मुलगा दहा मिनिटांपासून दिसत नाही. चौथी, थोड्या अंतरावर कठड्यापाशी सीताफळाच्या साली आणि ओल्या बिया पडल्या आहेत.

पिशवी कोणी नेली? वाचकांनी इथे क्षणभर थांबून मनातल्या मनात एक नाव घ्यावे. ते नाव पुढे उपयोगी पडणार आहे.

ही गोष्ट काल्पनिक आहे. मात्र ती वर्गात सांगितली, तर मुलांना आज सर्वांत जास्त गरज असलेला एक धडा तासाभरात शिकवता येतो. समोर दिसलेली गोष्ट खरी असते, पण तिच्यावरून काढलेला अर्थ चुकीचा असू शकतो, हा तो धडा. रहस्यकथेत या युक्तीला नाव आहे आणि तिचे नियमही आहेत. शाळेत मात्र ती कोणी शिकवत नाही.

‘चकवा’ म्हणजे नेमके काय?

रहस्यकथेत वाचकाला चुकीच्या माणसाकडे किंवा चुकीच्या कारणाकडे नेणाऱ्या सुगाव्याला इंग्रजीत ‘रेड हेरिंग’ म्हणतात. हेरिंग हा मासा. तो खारवून, धूर देऊन टिकवला की लालसर होतो आणि त्याला उग्र वास येतो. विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये आपल्या साप्ताहिकात एक किस्सा लिहिला. सशाच्या मागावर असलेल्या शिकारी कुत्र्यांना भलतीकडे वळवण्यासाठी एका मुलाने असा मासा जमिनीवरून ओढत नेला, असा तो किस्सा. नेपोलियनविषयीच्या एका चुकीच्या बातमीमागे धावलेल्या वर्तमानपत्रांना टोला लगावण्यासाठी कॉबेटने तो वापरला होता. म्हणजे हा शब्द रुळला तोच मुळी बातम्यांवर टीका करताना.

मराठीत त्यासाठी मासा आणायची गरज नाही. आपल्याकडे ‘चकवा’ आहे. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस ओळखीच्या वाटेवरही भरकटतो, फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. ‘चकवा लागला’ असे गावात सगळे म्हणतात. बीड, पाटोदा, केजच्या मुलांना हा शब्द आजीकडून मिळालेला असतो. रहस्यकथेतला खोटा सुगावाही हेच करतो. वाट ओळखीची वाटते, पाय आपलेच असतात, चालणेही आपलेच असते. पोचतो मात्र भलतीकडे.

चकवा आणि खोटे यांत फरक काय?

हा फरक मुलांना आधी समजावून द्यायला हवा, कारण मोठ्यांचीही इथेच गल्लत होते. झोळीवाला माणूस खरोखर तिथे होता. पावलांचे ठसे खरे आहेत. मुलगा खरोखरच जागेवर नाही. लेखकाने यात काहीही खोटे सांगितलेले नाही. खोटे शिरते ते वाचकाच्या डोक्यात, ‘होता’ आणि ‘नेली’ या दोन शब्दांच्या मधल्या जागेत.

काही कथांमध्ये मात्र गुन्हेगार स्वतःच चकवा पेरतो. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीत, मृतदेह सापडलेल्या खोलीच्या भिंतीवर रक्ताने ‘राखे’ असा शब्द लिहिलेला असतो. पोलीस अधिकारी लेस्ट्रेडला वाटते, कोणीतरी ‘रेचल’ हे बाईचे नाव लिहिता लिहिता अर्धवट सोडले. होम्स सांगतो की जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ सूड असा होतो. तेवढ्यावर न थांबता, तो शब्द तपास भरकटवण्यासाठी लिहिला असावा, असेही तो ओळखतो. एकाच सुगाव्यावर तीन माणसे तीन पायऱ्यांवर थांबू शकतात. कोणी दिसले तेवढ्यावर थांबतो, कोणी अर्थ शोधतो आणि कोणी ‘हे मला का दाखवले जात आहे?’ असे विचारतो. मोबाइलवर येणाऱ्या मजकुराला हा तिसरा प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हे आजच्या शिक्षणाचे काम आहे.

पिशवीचे कोडे कसे सुटते?

आता पुन्हा कपिलधारला. पिशवी माकडाने नेली होती. पिकलेल्या सीताफळांचा वास त्याला कठड्यापर्यंत पिशवी ओढत नेण्यास पुरेसा होता. फळे खाल्ली, साली आणि बिया तिथेच टाकल्या आणि पिशवी सोडून दिली. ती झोळीवाल्या माणसाला दिसली. आत हजेरीची वही आणि पैसे पाहून त्याने ती झोळीत सुरक्षित ठेवली आणि हरवलेल्या वस्तूची सूचना ध्वनिक्षेपकावरून द्यायला सांगावे म्हणून तो समाधीच्या दिशेने घाईने निघाला. ओली पावले दिसत नसलेल्या मुलाची होती. सर रागावले म्हणून वाईट वाटून तो त्यांच्यासाठी पाण्याची बाटली भरून आणायला गेला होता.

उत्तर ऐकल्यावर मुले म्हणतील, ‘सर, हे आम्हाला कसं कळणार?’ कळू शकत होते. दोन गोष्टी गोष्टीत उघडपणे लिहिलेल्या होत्या. डबे अजून उघडले नव्हते. मग ओल्या बिया आल्या कुठून? आणि चोरी करून पळणारा माणूस रस्त्याकडे जाईल की जिथे सर्वाधिक गर्दी आहे त्या समाधीकडे? खरा सुगावा लपवलेला नव्हता. सीताफळासाठी प्रसिद्ध असलेल्या बीडमध्ये, जिथल्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, चार बिया पडलेल्या दिसल्या तर त्यांच्याकडे कोण बघणार? नेहमीची गोष्ट नजरेआड होते आणि अनोळखी माणूस डोळ्यांत भरतो. चकवा चालतो तो एवढ्याच भांडवलावर.

सुरुवातीला मनात घेतलेले नाव कोणते होते, ते वाचकाने आता स्वतःलाच विचारावे.

चांगला चकवा लिहायचे नियम कोणते?

वाचकाला फसवणे आणि वाचकाशी लबाडी करणे यात फरक आहे, हे रहस्यकथाकारांनी शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले होते. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू असलेल्या लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला सुगावा वाचकापासून लपवून ठेवायचा नाही, हा त्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. अगाथा ख्रिस्ती त्याच्या सभासद होत्या. वाचकाशी खेळ प्रामाणिकपणे खेळायचा, हा या मंडळींचा आग्रह होता.

मुलांना लिहायला देताना हे तीन साध्या नियमांत सांगता येते. एक, चकवा खोटा असू नये. म्हणजे माणूस तिथे नसताना ‘होता’ असे लिहायचे नाही. दोन, खरा सुगावाही वाचकाच्या समोरच असला पाहिजे. तीन, आणि हा सर्वांत महत्त्वाचा, गोष्ट संपण्याआधी प्रत्येक चकव्याचा हिशेब लागला पाहिजे. झोळीवाला तिथे का होता? पावले कोणाची होती? मुलगा कुठे गेला होता? एकही प्रश्न लटकत ठेवायचा नाही.

तिसरा नियम पाळताना मुलांच्या हातून नकळत एक मोठे काम होते. संशयित ठरवलेल्या प्रत्येक माणसाला स्वतःची एक निर्दोष, खरी गोष्ट असते, हे त्यांना लिहावे लागते. ‘झोळीवाल्याने चोरी केली नाही’ एवढे लिहून भागत नाही. ‘मग तो काय करत होता?’ याचे उत्तर द्यावे लागते. संशयिताच्या जागी उभे राहून विचार करण्याचा यापेक्षा सोपा सराव दुसरा नसेल.

माणूस चकव्यात अडकतो कसा?

यामागे मूर्खपणा नसतो, मेंदूची सवय असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग कोणत्याही वर्गात फळ्यावर करता येतो. फळ्यावर २, ४, ६ असे आकडे लिहायचे. हे आकडे एका नियमात बसतात, तो ओळखायचा. मुलांनी स्वतःचे तीन आकडे सांगायचे, शिक्षकांनी फक्त ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ म्हणायचे.

मुले म्हणतील ८, १०, १२. बसते. २०, २२, २४. बसते. १००, १०२, १०४. बसते. मग सगळे आत्मविश्वासाने सांगतील, ‘दोनाने वाढणारे सम आकडे!’ ते चूक आहे. नियम फक्त ‘चढत्या क्रमाने’ एवढाच आहे. १, २, ३ बसले असते, ५, ९, ७० सुद्धा बसले असते. पण ते विचारावे असे फार थोड्यांना सुचते, कारण प्रत्येक जण आपल्याला वाटते तेच खरे ठरवणारे आकडे विचारत राहतो. आपले म्हणणे खोटे ठरू शकेल असा प्रश्न विचारत नाही. वॅसन यांच्या प्रयोगातल्या मोठ्या माणसांपैकीही बहुतेकांचे असेच झाले होते.

घरातलेच उदाहरण घ्या. मोबाइल चार्ज होत नाही. चार्जर खराब झाला म्हणून नवा आणला, तरी होत नाही. मग बॅटरीला दोष. शेवटी कळते की भिंतीवरच्या बोर्डालाच वीज येत नव्हती. त्याच बोर्डाला दुसरी वस्तू लावून पाहिली असती, तर अर्ध्या मिनिटात कळले असते. दुरुस्ती करणारा जाणकार माणूस आधी हेच करतो. वाटलेले कारण खोटे ठरते का, ते तो तपासतो.

राईनपाड्यात काय झाले होते?

इथपर्यंत हे सगळे खेळासारखे वाटते. पण कपिलधारच्या सहलीतली मुले ज्या मांजरसुंब्यावर सीताफळे घ्यायला थांबली, तिथून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. या रस्त्याच्या दोन टोकांच्या दोन जिल्ह्यांना जोडणारी एक घटना महाराष्ट्राने पाहिली आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या आदिवासी गावात आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तिथे आले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून पसरत होत्या. जमावाला संशय आला. पाचही जणांना मारहाण झाली, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊनही ती थांबली नाही. पाचही जणांचा मृत्यू झाला.

आता मुलांच्या वहीतला तक्ता इथे लावून पाहावा. दिसले काय? पाच अनोळखी माणसे. मानले काय? मुले पळवणारी टोळी. आणखी काय असू शकले असते? पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारी माणसे. जे प्रत्यक्षात होते, तेच. हा तिसरा प्रश्न त्या गर्दीत विचारला गेला नाही, किंवा कोणी विचारला असेल तर तो ऐकला गेला नाही.

त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकाची गोष्ट तर रहस्यकथेच्या वर्गासाठीच असावी अशी आहे. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे त्यात दिसत होते. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातील कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षेविषयी जनजागृतीसाठी तयार केलेल्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा संदेश लिहिलेला फलक दाखवतात. तो शेवट कापला गेला होता. जे दिसत होते ते चित्रित झालेलेच होते. पण चकव्याचा हिशेब लावणारे पानच फाडलेले होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. त्यामुळे हाताचा वेग कमी झाला. डोळ्यांनी वाचायचे कसे, हे शिकवण्याचे काम मात्र ॲप करू शकत नाही.

संशय नेहमी ‘झोळीवाल्या’वरच का जातो?

कपिलधारच्या गोष्टीत बहुतेकांच्या मनात आधी झोळीवाला आला असेल. हा योगायोग नाही. आपल्या गोष्टींनी, सिनेमांनी आणि घरातल्या बोलण्यांनीच ते शिकवले आहे. ‘जेवला नाहीस तर बुवा झोळीत घालून नेईल’ हे वाक्य ऐकतच मुले मोठी होतात. जुन्या बालकथांमध्ये ठरलेले संशयित असत. दाढी वाढवलेला बैरागी, एका डोळ्याचा माणूस, गावाबाहेर पाल टाकून राहिलेले कोणीतरी.

कायद्यानेही एकेकाळी हेच केले. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि काही जमातींत जन्माला येणे हाच पुरावा मानला. पारधी समाजासह अनेक समाज या शिक्क्याखाली आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. तरी गावात चोरी झाली की पहिली नजर कुठे जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक चकवा पंचाहत्तर-ऐंशी वर्षे देशाच्या कायद्यात बसून होता, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

बीड जिल्ह्याने तर हे दुसऱ्या बाजूनेही भोगले आहे. दरवर्षी दिवाळीच्या आसपास इथली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाच्या कडेला खोपी टाकून राहतात. त्या गावांसाठी अनोळखी माणूस कोण? बीडचा. म्हणजे वर्गातल्या ज्या मुलाने पहिल्यांदा झोळीवाल्याचे नाव घेतले, त्याचेच आईबाप दुसऱ्या कुठल्यातरी गावात कोणाच्या तरी गोष्टीतले ‘झोळीवाले’ असू शकतात. इथल्या मुलांना हे पुस्तकातून समजावण्याची गरज नाही. फक्त तक्त्यातली नावे बदलायची आहेत.

वर्गात शिकवायचे कसे?

त्यासाठी वेगळा विषय, वेगळी तासिका किंवा संगणक कक्ष नको. मराठीचा तास पुरे आहे. साहित्यही आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांची ही भाषा आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे पिढ्यांनी वाचला आहे. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आला आहे. शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटात यांपैकी काही ना काही सापडते. कपाटाची किल्ली मात्र सापडायला हवी.

तिसरी-चौथीसाठी हा तोंडी खेळ पुरतो. वर्गातला खडू हरवला, फरशीवर चिखल दिसला, कोण कोण असू शकते? एका खुणेची किमान तीन कारणे सांगायची आणि त्यांतले एक कारण असे हवे, ज्यात कोणाचीच चूक नाही. पाचवी ते आठवीसाठी तीन रकान्यांची वही करावी. पहिल्यात ‘काय दिसले’, दुसऱ्यात ‘काय मानले’, तिसऱ्यात ‘आणखी काय असू शकते’. कोणतीही रहस्यकथा अर्ध्यावर थांबवायची, वही भरायची आणि मग पुढे वाचायची. शेवट वाचून झाल्यावर पहिल्या रकान्यात काही चुकले होते का, ते तपासायचे. बहुतेक वेळा तो रकाना बरोबर असतो, घोटाळा दुसऱ्यात झालेला असतो. मुलांना हे स्वतःच्या अक्षरात दिसले की वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

त्यानंतर मुलांनी स्वतःची गोष्ट लिहावी. आपल्या गावातली जागा घ्यावी, कपिलधारचा धबधबा असो, आठवडी बाजार असो की एसटी स्टँड. एक खरा सुगावा, दोन चकवे आणि वर सांगितलेले तीन नियम. चकवा लिहिलेल्या मुलाला चकवा ओळखता येतो. पत्त्यांची जादू करणाऱ्याला दुसऱ्याच्या हाताकडे कुठे बघायचे ते कळते, तसेच हे.

नववीपासून पुढे हीच वही मोबाइलवर आलेल्या संदेशासाठी वापरता येईल. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटातील मुलांविषयीच्या ‘असर २०२३’ पाहणीत, २८ जिल्ह्यांतील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आणि तो त्यांना वापरता येत असल्याचे आढळले होते. म्हणजे चकवे हातात पोचले आहेत, वही अजून पोचायची आहे. संदेश मोठ्याने वाचावा. यात दिसते काय? मजकूर सांगतो काय? व्हिडिओचा आधीचा आणि नंतरचा भाग कुठे आहे? हीच बातमी दुसरीकडे कुठे आहे? गाव, तारीख, नाव काही आहे का? ‘कालच आपल्या भागात घडले’ या वाक्यातला ‘काल’ कोणता आणि ‘आपला भाग’ कोणता?

मुले उगाच संशयी होतील का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. सगळ्यावरच शंका घेणारा माणूस शहाणा असतोच असे नाही. अफवेवर विश्वास ठेवणाराही आपण ‘लपवलेले सत्य’ शोधत आहोत, असेच समजतो. त्यालाही जिकडे तिकडे सुगावे दिसतात. मग मुलांना सुगावे शोधायला शिकवून त्याच वाटेला लावायचे का?

फरक तिसऱ्या नियमात आहे. रहस्यकथा संपते, सगळे हिशेब लागतात. आपला अंदाज चुकला असेल तर शेवटच्या पानावर तो मान्य करावा लागतो. अफवा कधी संपत नाही. एक सुगावा खोटा ठरला की ती दुसऱ्यावर उडी मारते आणि पहिल्याचा हिशेब देत नाही. त्यामुळे मुलांना नुसते ‘शंका घ्या’ असे शिकवून चालणार नाही. शंका घ्या, तपासा आणि मग ती मिटवा, असे पूर्ण वाक्य शिकवावे लागेल. माझा अंदाज चुकला, असे वर्गात हसत सांगता येणे, हे त्या तासाचे खरे यश मानावे. आपल्या परीक्षांमध्ये चुकलेल्या उत्तराला शून्य मिळते. रहस्यकथेच्या तासाला चुकलेला अंदाज प्रामाणिकपणे खोडणाऱ्याला गुण द्यावेत.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. अनोळखी माणसापासून सावध राहा, असे आपण मुलांना सांगतो, ते चूक आहे का? नाही. सावध राहणे म्हणजे त्याच्यासोबत एकट्याने न जाणे, त्याने दिलेले न खाणे, मोठ्यांना लगेच सांगणे. कोणाला गुन्हेगार ठरवणे म्हणजे सावध राहणे नव्हे. पहिले मुलाचे काम आहे. दुसरे पोलिसांचे आणि न्यायालयाचे आहे. संशय आला तर ११२ या क्रमांकावर फोन करायचा, गर्दी गोळा करायची नाही, हेही त्याच तासात सांगता येईल.

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या पायी येतात. हजारो अनोळखी माणसे, प्रत्येकाच्या खांद्यावर काही ना काही अडकवलेले. त्या दिवसांत वाटेवरची गावे त्यांना पाणी देतात, चहा देतात, मुक्कामाला जागा देतात. झोळीकडे पाहून आपोआप संशय येतोच असे नाही, याचा पुरावा दरवर्षी याच रस्त्यावर मिळतो.

म्हणूनच सातवीच्या त्या वर्गाला कपिलधारची गोष्ट पुन्हा लिहायला सांगावी. सगळे तसेच ठेवायचे. धबधबा, पिशवी, ओली पावले, सीताफळाच्या बिया. फक्त एक वाक्य वाढवायचे. सगळी मुले झोळीवाल्याकडे बोट दाखवू लागतात, तेव्हा त्यांतल्या एकीने पुढे होऊन विचारायचे, ‘काका, तुम्ही कुणाला शोधताय का?’